कळांच्या खोलीत कमी बोलावं

नर्सकडे किस्से कसे साठतात ते मला विचारा. आमच्याकडे दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून गादीखाली ठेवायची पद्धत होती, तसंच हे. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण टाकवतही नाहीत. आणि एक दिवस गादी उचलावी तर खाली ही एवढी चळत!

चौतीस वर्षं मी चिंचवड स्टेशनजवळच्या एका छोट्या प्रसूतिगृहात नोकरी केली. बारा खाटा, एक लेबर रूम, एक ऑपरेशन थिएटर आणि एक डॉक्टर बाई. पाटीवर त्यांचं नाव डिग्र्यांसकट लिहिलेलं होतं, पण रिक्षावाल्यापासून सगळे 'बाईंचा दवाखाना' असंच म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी मी रिटायर झाले. आता सकाळी निगडीला प्राधिकरणातल्या बागेत आम्हा मैत्रिणींचा कट्टा भरतो. तिथे कोणीतरी म्हणतं, "कुंदा सिस्टर, काढा एखादा." मला काय, निमित्तच हवं असतं. घरीही तेच. पानं वाढली की माझं सुरू.

माझी सून पल्लवी हे सगळं मुकाट्यानं ऐकायची. ती लातूरकडची, औशाजवळच्या गावातली. चाकणला कंपनीत क्वालिटीला आहे, गाड्यांचे पार्ट तपासते. तिथे एक ओरखडा दिसला तर पूर्ण लॉट परत पाठवते म्हणे. घरात मात्र तीन वर्षांत तिच्या तोंडून मी 'नाही' हा शब्द ऐकला नव्हता. "चालेल आई." "बरंय आई." बस, एवढंच.

गेल्या वर्षी तिला दिवस गेले आणि ती मला म्हणाली, "आई, मला बाईंकडेच व्हायचंय. तुम्ही सांगता ना, तसं. आपलं आपण." मी वरून हसले आणि आतून धसकले. कारण चौतीस वर्षांत मी एक गोष्ट पक्की बघितली होती. रडणाऱ्या, ओरडणाऱ्या, नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणाऱ्या बायका लवकर सुटतात. सगळं मनात ठेवणाऱ्या अडकतात. आणि पल्लवीइतकी मनात ठेवणारी पोरगी मी दुसरी बघितली नव्हती. त्यात तिची आई सात वर्षांपूर्वी गेलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, तर तिचं माहेरही माझ्याकडेच. म्हणजे सासू मी, आई मी, वर नर्सही मीच. ह्या पोरीचं कसं होणार, ह्या विचारानं नऊ महिने माझ्या जिवाला घोर लागला होता.

ते शेवटी सांगते. आधी बाकीचे.

* * *

मी बाईंकडे लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. ट्रेनिंग मोठ्या सरकारी हॉस्पिटलातलं. तिथे एका हॉलमध्ये सहा टेबलं, आणि आम्ही सगळ्या मिळून ओरडायचो, "जोर लाव, जोर लाव, अजून, अजून!" बाळ ह्या ओरडण्यानंच बाहेर येतं अशी माझी समजूत होती.

पहिल्याच दिवशी दापोडीची एक बाई आली. मी बाह्या सरसावल्या आणि सुरू केलं. बाईंनी दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि मला दंडाला धरून बाहेर व्हरांड्यात आणलं.

"कुंदा, आत कबड्डी चाललीय का?"

मी म्हटलं, नाही बाई.

"मग कमी बोल." आणि त्यांनी तिथेच उभ्याउभ्या मला समजावलं. कळा आणणारं ऑक्सिटोसिन फार लाजरं असतं. डोळ्यांवर उजेड, गोंगाट, परकं माणूस, टक लावून बघणारी नजर, एवढं झालं की ते मागे सरतं. बाई घाबरली की अ‍ॅड्रेनालिन वाढतं, आणि शरीर म्हणतं, इथे धोका आहे, आत्ता नको. मी मान डोलावली. हे सगळं मी परीक्षेत लिहून आले होते. कळलं काही नव्हतं.

कळलं ते हौसाबाईमुळे. हौसाबाई आमच्या आया. चिंचवड गावठाणातल्या, घरी शेती आणि म्हशी. मी तोंड पाडून बसलेली बघून त्यांनी विचारलं, "तुझ्या घरात म्हस हाय का गं?"

"नाही."

"मग तुला कसं कळायचं? आगं, धार काढाया बसलं आन् गोठ्यात परकं मानूस शिरलं, की म्हस पान्हा चोरती. कास भरल्याली असती, पर थेंब देत न्हाई. आता तिच्यावर वरडून काय उपेग? परक्याला भायेर काढायचं आन् गप बसायचं. ती देती मग आपसूक. हे बी तसंच हाय."

बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. पुढे कॉलेजची शिकाऊ डॉक्टर मुलं बाईंकडे यायची. त्यांना बाईंनी ऑक्सिटोसिनवर लेक्चर कधी दिलं नाही. त्या नुसती हाक मारायच्या, "हौसा, ह्यांना म्हैस सांग."

* * *

आमचा सगळा पट्टाच कारखान्यांचा. पेशंटचे नवरे शिफ्टवरून थेट यायचे, अंगात कंपनीचा युनिफॉर्म, गळ्यात ओळखपत्र. त्यातला एक मला मरेपर्यंत विसरता येणार नाही. कंपनीत त्याचं कामच टाइम स्टडीचं. कुठल्या कामगाराला कुठला नट आवळायला किती सेकंद लागतात, हे मोजायचं.

तो आला तोच स्टॉपवॉच आणि पॅड घेऊन. बायकोच्या उशाशी बसला. कळ आली की बटण दाबायचा, गेली की दाबायचा, आणि लिहायचा. कळ क्रमांक, सुरुवात, शेवट, शेरा. हो, शेऱ्याचा कॉलमसुद्धा होता! दोन तासांनी मला म्हणाला, "सिस्टर, ट्रेंड बघता तीन चाळीसला व्हायला हरकत नाही."

ती बिचारी प्रत्येक कळेला आधी त्याच्या अंगठ्याकडे बघायची. शेवटी कळा थांबल्याच. हा अस्वस्थ. "सिस्टर, बावीस मिनिटं आयडल गेली."

बाई आल्या, पॅड हातात घेऊन नीट वाचलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, "काम फार सुंदर आहे तुमचं. आमच्याकडे एक अडचण आहे. गच्चीवरची पाण्याची टाकी भरायला किती वेळ लागतो, ते आम्हाला अजून कुणी मोजून दिलेलं नाही."

गडी स्टॉपवॉच घेऊन गच्चीवर गेला. खाली आम्ही पडदा ओढला, मोठा दिवा बंद केला. ती कुशीवर वळली, एक मोठा हुंदका देऊन रडली, आणि पाचच मिनिटांत कळ आली ती अशी आली की तिनं माझ्या मनगटावर नखं उमटवली.

तो आला तेव्हा शर्ट भिजलेला, चेहऱ्यावर समाधान. "मॅडम, बेचाळीस मिनिटं धरून चाला. पण तुमचा व्हॉल्व्ह गळतोय, म्हणून मी दोनदा रीडिंग घेतलं."

बाईंनी मुलगी त्याच्या हातात ठेवली. तो बघतच राहिला. बराच वेळ गेला. मी विचारलं, "जन्मवेळ सांगू का?"

"राहू द्या सिस्टर," तो म्हणाला. "नंतर बघू."

* * *

एकदा हौसाबाईंच्याच भावकीतली पोरगी आली. तिच्याबरोबर सात बायका. सासू, चुलतसासू, आत्या, दोन जावा, बाकीच्या कोण ते आठवत नाही. सगळ्या पलंगाभोवती कडं करून उभ्या, आणि प्रत्येकीला आपलं बाळंतपण आठवलेलं. "माझ्या येळला दोन दीस लागलं." "माझं तर पायाळू." ती पोरगी प्रत्येकीचं ऐकत पांढरी पडत चाललेली. सकाळपासून कळा नुसत्या येऊन जाऊन.

मी हौसाबाईंना म्हटलं, "काढा ना ह्यांना बाहेर."

"म्या कशी काढू? ती मोठी सासू माझी चुलतजाऊ लागती. गावात तोंड दावायचं हाय मला."

बाईंचं सांगून झालं, माझं सांगून झालं. बायका दारापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. मग हौसाबाईंनी काय करावं? पलंगाभोवतीचा हिरवा पडदा ओढला आणि बायकांना म्हणाल्या, "जरा डोळा लागलाय तिचा. हितं बाकावर बसा, पर आवाज करायचा न्हाई." बायका शहाण्यासारख्या पडद्याबाहेर बसल्या, तोंडाला पदर लावून. आणि पडद्याच्या मागच्या दारानं हौसाबाईंनी पोरीला हाताला धरून चादरींच्या खोलीत नेलं. लहानशी खोली, अंधुक, धुतलेल्या कापडाचा वास. खाली गाद्या अंथरल्या. मी, बाई आणि हौसाबाई, तिघींशिवाय कोणी नाही. पोरगी गुडघ्यांवर बसली, चादरींच्या गठ्ठ्यात तोंड खुपसलं आणि मनसोक्त ओरडली. दीड तासात मोकळी.

बाळ रडलं तेव्हा त्या साती जणी रिकाम्या पलंगाची राखण करत बसल्या होत्या. मोठ्या सासूनं कान टवकारले आणि जावेला हळूच विचारलं, "आगं, हिचं प्वार तिकडं कसं काय रडतंय?"

आता त्या गावठाणातल्या जमिनी गेल्या, पैसा आला. हौसाबाईंचा तीन मजली बंगला झाला. तरी त्या दवाखान्यात येतात. मुलगा त्यांना मोठ्या पांढऱ्या गाडीतून ड्युटीवर सोडतो आणि म्हणतो, आई, लोक काय म्हणतील. त्या म्हणतात, "गोठा इकला तुमी. आता हे तरी राहूद्या."

* * *

हा माझ्यावरचाच आहे, सांगते. माझा निखिल तेव्हा पाच महिन्यांचा. आम्ही दापोडीला दोन खोल्यांत राहायचो. शेजारच्या काकूंकडे बाळ ठेवून मी बसनं चिंचवडला यायचे. वॉर्डात बारा बाळं, आणि त्यातलं एकही रडलं की माझा ब्लाऊज ओला. नर्स असून मला त्याची भारी लाज वाटायची. कडक इस्त्रीचा एप्रन घालून, हातात फाइल छातीशी धरून फिरायचे.

एक दिवस औषध कंपनीचे साहेब आले होते. टाय वगैरे. पडद्यावर चित्रं दाखवून सांगत होते की बाळाचा आवाज कानावर पडला तरी आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि पान्हा फुटतो. हौसाबाई मागून पुटपुटल्या, "ह्यो म्हशीचंच सांगतोय." तेवढ्यात पलीकडे एक बाळ रडायला लागलं. मी फाइल घट्ट धरली. फाइलही भिजली.

साहेबांना काही कळलं नाही. बाईंना कळलं. त्यांनी माझ्या हातातली फाइल काढून घेतली आणि हळूच म्हणाल्या, "जा घरी. तुझं बाळ तुला बोलावतंय."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. बस पकडली, दापोडीला उतरले, धापा टाकत काकूंच्या दारात पोचले. निखिल हात-पाय पसरून ढाराढूर झोपला होता. काकू म्हणाल्या, "आत्ताच बाटलीभर पिऊन झोपलाय, उठवू नकोस हं."

त्या दिवसाइतकं रिकामं मला पुन्हा कधी वाटलं नाही. बाळ उठेपर्यंत तिथेच त्याच्या शेजारी बसून राहिले.

* * *

निगडीच्या एका शाळेत गणिताच्या बाई होत्या. कडक. त्यांचे विद्यार्थी रस्त्यात दिसले तर फुटपाथ बदलायचे. त्या बाळंतपणाला आल्या त्याही वेळेवर, वेणी घट्ट घालून. सुरुवातीला अगदी शिस्तीत चाललं होतं. मग कळा वाढल्या, आणि त्यांचे डोळे जरा वेगळे दिसायला लागले. आमच्या डॉक्टर बाई म्हणायच्या, दुखणं वाढलं की शरीर स्वतःच एंडॉर्फिन सोडतं, बाईला आपली आपण गुंगी येते. अशा वेळी कोणी गाणं म्हणतं, कोणी देवाशी भांडतं.

ह्यांनी सतराचा पाढा धरला. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. प्रत्येक कळेला एक पाढा, अगदी चालीत. मध्येच थांबून हौसाबाईंकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तू सांग. सतरा साती?"

हौसाबाई म्हणाल्या, "बाई, म्या शाळंत न्हाई गेले."

"उभी राहा."

आणि खरं सांगते, हौसाबाई उभ्या राहिल्या. मी म्हटलं, अहो बसा, तर मला डोळ्यांनी दटावलं. मुलगा होईपर्यंत त्या कोपऱ्यात हात बांधून उभ्या होत्या.

महिन्यानं त्या गणिताच्या बाई बाळाला दाखवायला आल्या. वेणी घट्ट. मी पाढ्यांचा विषय काढला, तर एकदम गंभीर झाल्या. "मी? शक्य नाही. मी पूर्ण वेळ शांत होते. मला तर फारसं दुखलंही नाही."

मागून हौसाबाई म्हणाल्या, "पर म्या दीड तास उभी व्हते."

* * *

हसवणारेच सांगितले तर तुम्हाला वाटेल, आमच्याकडे सगळं हसतखेळतच व्हायचं. तसं नसतं. हिंजवडीच्या कंपनीतली एक मुलगी आली होती. सगळं वाचून, व्यायाम करून, श्वासाच्या पद्धती शिकून. तिनं एक कागद लॅमिनेट करून आणला होता. काय हवं, काय नको. शेवटची ओळ जाड अक्षरात होती, कोणत्याही परिस्थितीत नैसर्गिक.

दुपारी बाळाच्या हृदयाचे ठोके कमी व्हायला लागले. बाईंनी दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा ऐकलंच नाही. थेट थिएटर. मी त्यांना कधी पळताना बघितलं नव्हतं, त्या दिवशी बघितलं. बाळ वाचलं, छान रडलं. ही मात्र दुसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडलेली. बाळाला घेईना. "मी नापास झाले," एवढंच म्हणायची.

बाई तिच्या पलंगावर बसल्या. "परीक्षा कोण घेत होतं?" त्यांनी विचारलं. "मी तर नव्हते घेत." बाईंनी तिचा हात धरून ठेवला.

हौसाबाईंनी बाळाचं दुपटं सोडलं, तिच्या गाऊनची बटणं सोडली आणि बाळ उघड्या छातीवर ठेवलं. म्हणाल्या, "कुटल्या दारानं आलं ते ह्याला ठावं न्हाई, पोरी. घ्याया कोन आलं, तेवढंच ह्यो बघतोय."

तो लॅमिनेट केलेला कागद तिनं जाताना मला दिला. मी तो जपून ठेवला होता. कुठे गेला कोण जाणे.

* * *

आता पल्लवीचं.

पहाटे कळा सुरू झाल्या. साडेआठला आम्ही दवाखान्यात. बाई आता सत्तरीच्या पुढे, नवे पेशंट फारसे घेत नाहीत, पण कुंदाची सून म्हणून थांबल्या. हौसाबाई तर सातलाच येऊन बसल्या होत्या. निखिलनं रजा टाकली होती.

सगळं सुरेख चाललं होतं. पल्लवी ओठ घट्ट मिटून फेऱ्या मारत होती. मी विचारायचे, "फार दुखतंय का गं?" ती म्हणायची, "ठीक आहे आई." "ओरडावंसं वाटलं तर ओरड." "हो आई." आणि ओठ अजून घट्ट. बारापर्यंत पिशवीचं तोंड सात सेंटिमीटर उघडलं आणि तिथे सगळं थांबलं. कळा विरळ झाल्या. एक वाजला, दोन वाजले. मी तिची पाठ चोळत होते आणि तिला जरा विरंगुळा म्हणून स्टॉपवॉचवाल्याची गोष्ट सांगत होते. ती हसत होती, मला बरं वाटावं एवढंच.

बाईंनी ठोके तपासले. "बाळ मजेत आहे. तासभर बघू, नाहीतर कळांसाठी ड्रिप लावू." पल्लवी म्हणाली, "चालेल बाई." पण तिचे डोळे भरून आले. तिला ते नको होतं, आणि नको म्हणता येत नव्हतं.

दुसऱ्या कुणाची सासू असती तर मी तिला अकरालाच खोलीबाहेर काढलं असतं. ते मला तेव्हा सुचलं. मी कुणी सांगायच्या आत उठले आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. चौतीस वर्षांत त्या बाकावर मी पहिल्यांदा बसले. फार कडक आहे तो.

अर्धा तास गेला. हौसाबाई बाहेर आल्या. "कुंदे, आत बोलवलंय."

"बाईंनी?"

"न्हाई. सुनेनं."

आत गेले. पल्लवी पलंगाचा कठडा धरून उभी होती, केस कपाळाला चिकटलेले. दारात निखिल नारळपाण्याचा ग्लास घेऊन उभा.

"आई, मला एक सांगायचंय. तुम्हाला राग येईल."

"येऊ दे."

"तुमचं वरण मला आवडत नाही."

मी म्हटलं, "बरं."

"त्यात गूळ असतो. तीन वर्षं झालं, मी गोड वरण खायले." आवाज चढायला लागला, आणि लातूरची बोली वर आली. "आन् सगळ्यांना सांगता, आमची पल्लवी काही बोलतच नाही. मी कवा बोलू? जेवताना तुमचे किस्से. चहाला तुमचे किस्से. आत्ता कळा यायल्यात तरी तुमचाच किस्सा! मला माझ्या मायचा एक सांगायचा होता. लग्न झाल्यापासून सांगायचाय. मधी जागाच सापडंना!"

निखिलनं ग्लास खाली ठेवला. मला काय झालं ते सांगते, मला लाज वाटली. बोचलं फार. कारण खोटं एक अक्षर नव्हतं.

मी स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसले. "सांग," म्हटलं.

गोष्ट पाच मिनिटांची असेल. तिला सांगायला दोन तास लागले, कारण दोन वाक्यांत एक कळ. पहिली कळ आली तेव्हाच बाईंनी माझ्याकडे बघितलं. कळ जोरदार होती. मी बोलले नाही. माझ्या आयुष्यात मी इतका वेळ गप्प बसलेली कुणी बघितली नसेल.

ती सांगत होती, "मी व्हायच्या वेळची गोष्ट हाय. मायला कळा सुरू झाल्या आन् तिला भूक लागली. सुईण म्हणली, आता काही खायचं नाही. माय म्हणली, मला भाकर पायजे. कुणी देईना. मग ती उठली आन् आपली आपण चुलीपुढं बसली."

कळ. तिनं माझे दोन्ही खांदे धरले आणि ओरडली, असं ओरडली की खालच्या मेडिकलवाल्यानं वर बघितलं म्हणे.

"कळ आली की परात धरायची. कळ गेली की भाकर थापायची. शेवटी टाकली तव्यावर, आन् तेवढ्यात मी झाले."

पुन्हा कळ. मग दुसरी, लगेच तिसरी. बाईंनी हातमोजे चढवले.

"आजीनं बघितलं. पोरगी. आन् माय हमसून हमसून रडायली. सगळ्या बाया गप. माझ्या बाबांनी दारातच मान खाली घातली. सुईण म्हणली, रडू नको बाई, पुढच्या खेपेला पोरगा होईल. तर माय म्हणली," इथे पल्लवीला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी, "माय म्हणली, अगं पोराचं काय घेऊन बसलीस, माझी भाकर करपली!"

हौसाबाई मटकन खालीच बसल्या. बाईंचे खांदे हलत होते.

"मरेपर्यंत सांगायची मला. पल्लू, मी भाकरीसाठी रडले होते गं. तुझ्यासाठी नाही."

मग हौसाबाईंनी विचारलं, "आन् मग तिला भाकर दिली का न्हाई कुनी?"

"दिली ना. आजीनं दुसरी करून दिली. तिच्या सासूनं."

मी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. बाई म्हणाल्या, "पल्लवी, डोकं दिसतंय बाळाचं." पुढचं तिनं केलं. जोर लाव म्हणून कुणी सांगितलं नाही.

पावणेपाचला मुलगी झाली. काळ्याभोर जावळाची, आवाज खणखणीत. हौसाबाईंनी तिला पुसून पल्लवीच्या छातीवर ठेवलं. दारात निखिल भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडत होता.

पल्लवीनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं आणि मला म्हणाली, "आई, ह्याला विचारा, घरी गॅसवर काही ठेवून आलाय का."